शाळेचा धसका घेतलेलीं मुलें आणि रानांतला मुक्काम



महोत्सवाच्या या सभेंत आमच्या आधीं जे बोलले त्यांनीं मंदिराच्या भिंती कशा उभ्या राहिल्या, विहीर कोणी खणली, कोणत्या घराण्यांनीं काय सोसलें, हें सर्व सांगितलें. तें ऐकतांना आमचेंहि मन भरून आलें. परंतु आम्हांस नेमून दिलेल्या वेळांत आम्ही इतिहास सांगणार नाहीं. ज्यांच्या हातीं या धर्मग्रामाचीं पुढलीं वर्षें जावयाचीं आहेत त्यांपैकीं कांहीं मुलें आज या मंडपांत नाहींत. तीं घरीं, आंतल्या खोलींत, गोधडी डोक्यावर ओढून पडलेलीं आहेत. हें आम्हांस ठाऊक आहे आणि तुम्हांसहि ठाऊक आहे. फक्त कोणी उघड बोलत नाहीं. त्यांच्याविषयीं बोलावें असें योजून आम्ही उभे आहों.

आपला वारंगा फाटा म्हणजे चालत्या माणसांचें ठिकाण. एक रस्ता नांदेडाकडून येतो, एक हिंगोलीकडे जातो, एक हदगांव-उमरखेडावरून नागपूरची दिशा धरतो. वेळीं-अवेळीं कोणी ना कोणी गाडींतून उतरून गरम खिचडी मागत असतो, आणि फाट्याच्या त्या खिचडीचें नांव तर दूरवर पोंचलें आहे. इतक्या वर्दळीच्या जागीं कोणी एकटें राहत असेल असें परक्यास वाटणार नाहीं. पण चौदा वर्षांच्या मुलाचा एकटेपणा वर्दळीनें जात नसतो. दुपारच्या सुटींत ज्याच्या शेजारीं बसून डबा उघडावा असा एक सोबती त्यास हवा असतो. तो नसला तर साठ मुलांचा वर्ग त्यास ओसाड माळासारखा वाटतो.

आधीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाळेंत न येणारीं सर्व मुलें एका जातीचीं नसतात. कांहींस घरचें दारिद्र्यच येऊं देत नाहीं. दिवाळी सरते न सरते तोंच आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात आणि लेकरें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बसून त्यांच्यामागें जातात. किंवा हळद काढण्याच्या व शिजवण्याच्या दिवसांत घरीं एकेक हात मोजून लागतो. त्यांचें दुखणें निराळें आणि त्यावरील उपायहि निराळा. कांहीं मुलें उनाड असतात. घरून दप्तर घेऊन निघतात, शाळेंत पोंचत नाहींत, आणि आईबापांस त्याचा पत्ता नसतो. त्यांच्याविषयींहि आज बोलावयाचें नाहीं.

आम्ही बोलतों तें तिसऱ्या प्रकारच्या मुलांविषयीं. शाळेची वेळ जवळ आली कीं यांचें पोट दुखूं लागतें, मळमळतें, हातपाय गार पडतात. शाळेची घंटा होऊन गेली कीं दुखणें ओसरतें. रविवारीं दुखत नाहीं, दिवाळीच्या सुटींत दुखत नाहीं. म्हणून बाप म्हणतो, हें सोंग आहे. बंधूंनो, हें सोंग नव्हे. भीतीनें खरोखरच पोट दुखतें. कोर्टाच्या तारखेला किंवा मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला जातांना आपल्यापैकीं कितींचें दुखलें होतें तें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

वैद्यकशास्त्रानें या गोष्टीची दखल घेतल्यास नव्वद वर्षें होऊन गेलीं. १९३२ सालीं ब्रॉडविन यांनीं अशा मुलांचें वर्णन केलें. १९४१ सालीं अमेरिकेंत जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकारास शाळेची भीति असें नांव दिलें. आणि १९६९ सालीं बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो ओळखण्याच्या खुणा ठरवून दिल्या. मूल घरींच असतें व आईबापांस तें ठाऊक असतें. जाण्याच्या वेळीं त्याचा जीव कासावीस होतो. आणि चोरी, मारामारी असें वांकडें वळण त्याच्या ठिकाणीं दिसत नाहीं. जपानसारख्या शिस्तीच्या देशांत तर ही राष्ट्राची चिंता होऊन बसली आहे. आजार किंवा गरिबी हें कारण नसतां वर्षांतून तीस दिवस वा अधिक शाळेंत न आलेलीं प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील मुलें २०२३-२४ या वर्षीं तेथील शिक्षण खात्यानें मोजलीं, तीं ३,४६,४८२ भरलीं. तेव्हां हें आपल्याच गांवचें, आपल्याच घरचें लांछन आहे असें समजून कोणी मान खालीं घालूं नये.

आपल्याकडे २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या, आणि ग्रामीण भागांतील पांचवीपासूनचे वर्ग सरकारनें ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां उघडले. मध्यें दीड वर्ष गेलें. अकराव्या वर्षीं घरीं बसलेला मुलगा साडेबाराव्या वर्षीं परतला, तेव्हां त्याचा आवाज फुटलेला, अंग वाढलेलें, वाचनाची संवय मोडलेली, आणि शेजारीं बसणारा सोबती कोठेंतरी कारखान्यावर गेलेला. त्या वेळचीं मुलें आतां मोठीं झालीं. परंतु शाळा चुकवतां येते, आणि चुकवली तरी आभाळ कोसळत नाहीं, हें एकदां घराघरांस कळलें तें कळलेंच.

या मुलांजवळ बसून आम्ही पुष्कळ वेळां बोललों आहों. अभ्यास कठीण आहे, इंग्रजी येत नाहीं, गुरुजी रागावतात, अशीं उत्तरें पहिल्या भेटींत मिळतात. आठव्या-दहाव्या भेटींत दुसरें उत्तर येतें, आणि तें बहुधा एकच असतें: "तिथं माझं कोणी न्हाई." गांवची शाळा सातवीला संपते. पुढें मोठ्या शाळेंत जावें तर तेथें प्रत्येक गांवचें टोळकें निराळें. तांड्यावरून येणारें लेकरूं घरीं गोरमाटी बोलतें. वर्गांत मराठी वाचतांना एके ठिकाणीं अडखळतें, हंशा पिकतो, आणि त्या दिवसापासून तें तोंड उघडत नाहीं. मग एक दिवस पोट दुखतें. एका दिवसाचा आठवडा होतो. आठवड्यानंतर जावें तर सर्व विचारणार, कोठें होतास. त्या एका प्रश्नाच्या धाकानें आठवड्याचा महिना होतो.

यावर घरोघरीं जे उपाय चालतात ते आम्हीं पाहिले आहेत. कोणी मारतात, कोणी अंगारा लावतात, कोणी नवा मोबाइल घेऊन देण्याचें आमिष दाखवतात. आणि धर्मगुरु उपदेश करतात. आम्हीहि केला. मित्र जोड, असें मुलास सांगणें म्हणजे आजारी माणसास भूक लागूं दे असें सांगण्यासारखें आहे, हें कळावयास आम्हांस फार दिवस लागले.

संत जॉन बॉस्को यांचें चरित्र आपल्यापैकीं पुष्कळांस परिचयाचें आहे. त्यांतील दोन प्रसंग आज मुद्दाम आठवावेसे वाटतात. १८४१ सालच्या डिसेंबरची ८ तारीख, निष्कलंक मातेचा सण होता. इटलींतील तूरिन शहरीं मिस्सेची तयारी चालली असतां बार्थोलोम्यू गारेल्ली नांवाचा एक पोरका गवंडीकाम करणारा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. वाचतां येतें का, लिहितां येतें का, गातां येतें का, अशा प्रत्येक प्रश्नास तो नकार देत होता. शेवटीं, चरित्रकार सांगतात, डॉन बॉस्कोंनीं विचारलें कीं शीळ तरी घालतां येते ना? आणि त्या पोराच्या तोंडावर हसूं उमटलें. मुलास काय काय येत नाहीं याची मोजदाद शाळा रोजच करीत असते. काय येतें तें विचारणारा एखादाच भेटतो. दुसरा प्रसंग १८५५ सालचा. तूरिनच्या जेनेराला नांवाच्या तुरुंगांतील तीनशेंच्या वर मुलांस घेऊन ते एक दिवस स्तुपिनीजीच्या मोकळ्या जागीं सहलीस गेले. बरोबर पहारेकरी नव्हता. संध्याकाळीं मुलें मोजलीं तीं पुरीं भरलीं. तो चमत्कार होता कीं नाहीं याची चर्चा आम्ही करीत नाहीं. भिंतीच्या आंत ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाहीं तो मुलगा उघड्या रानांत निराळा वागतो, एवढें मात्र त्यावरून खास दिसतें.

पुढें १९०७ सालच्या ऑगस्टांत बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर सुमारें वीस मुलांचा मुक्काम घातला आणि त्यांतून बालवीरांची चळवळ जन्मास आली. त्या मुक्कामांत ध्यानीं ठेवण्याजोगी गोष्ट तंबू किंवा दोराच्या गांठी ही नव्हे. श्रीमंतांच्या शाळांतील मुलें आणि कामकऱ्यांचीं मुलें त्यांनीं एकत्र आणलीं व त्यांच्या चार लहान टोळ्या केल्या. वीस जणांत एखाद्यास एकटें राहतां येतें. पांच जणांच्या टोळींत राहतां येत नाहीं, कारण पाणी आणणारा आला नाहीं तर चूल पेटत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांतील सोमनाथ येथें बाबा आमटे यांनीं तरुणांसाठीं श्रमसंस्काराची छावणी चालू केली, तिच्याहि मुळाशीं हेंच आहे: आधीं कुदळ, मग भाषण.

हें सर्व आम्हीं वाचलें होतें. तरीहि पहिल्या खेपेस आम्हीं चूक केली, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्हीं निरनिराळ्या गांवांतून शाळेस न जाणारीं अकरा मुलें निवडलीं आणि तीन दिवस त्यांस एका आमराईंत नेऊन ठेवलें. खेळ झाले, गाणीं झालीं, आमचीं तीन व्याख्यानें झालीं. मुलें हंसलीं, एकमेकांच्या गळ्यांत हात घालून निजलीं. निरोपाच्या वेळीं दोघे तर रडले. आम्ही मोठ्या समाधानानें परतलों. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, आणि अकरांपैकीं एकच मुलगा गेला. तोहि दोन दिवस.

चौकशीस गेलों तेव्हां एका माउलीनें चुलीपुढून मान वर न करतां आम्हांस सांगितलें: "फादर, तिकडं लेकराला दोस्त भेटले, खरं हाय. पण ते ऱ्हात्यात पाच कोसांवर. इथं बाकावर त्याच्या शेजारी कोण बसायचंय?"

सेमिनरींतील आमच्या सर्व वर्षांत इतकें नेमकें वाक्य आम्हीं थोडेंच ऐकलें असेल. आम्हीं मुलांस मित्र दिले होते, पण जेथें त्यांची गरज होती तेथें ते दिले नव्हते. शिवाय शाळेस न जाणाऱ्यांचीच जत्रा जमवून, आपण सगळे एका माळेचे मणी आहों, हेंच त्यांच्या मनावर ठसवलें होतें. आणि मुक्काम व शाळा यांच्यामध्यें उन्हाळ्याचा सबंध महिना जाऊं दिला होता.

यानंतर आमच्या वाचनांत एक जुना प्रयोग आला. मुझफर शेरीफ नांवाच्या, मूळच्या तुर्कस्तानांतील, विद्वानानें १९५४ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांतांत रॉबर्स केव्ह येथें सुमारें अकरा वर्षांच्या बावीस मुलांचा मुक्काम घातला. त्यांचे दोन गट केले आणि चढाओढीचे खेळ लावले. थोड्याच दिवसांत वैर इतकें वाढलें कीं मुलांनीं एकमेकांचीं निशाणें जाळलीं, रात्रीं खोल्यांवर धाडी घातल्या. मग त्यांस जवळ आणण्यासाठीं एकत्र जेवावयास बसवलें, एकत्र चित्रपट दाखवला. परिणाम इतकाच कीं जेवतांना अन्न एकमेकांच्या अंगावर फेकण्यांत आलें! पुढें मात्र पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि त्याचें कारण सर्वांनीं मिळून शोधावें लागलें. अन्न आणावयाची मोटार सुरू होईना, तेव्हां रस्सीखेचीच्याच दोरानें दोन्ही गटांनीं मिळून ती ओढली. अशा कामांनीं वैर ओसरत गेलें. या अडचणी प्रयोग करणाऱ्यांनींच घडवून आणलेल्या होत्या आणि मुलांस अंधारांत ठेवलें होतें, म्हणून पुढें त्या प्रयोगावर टीका झाली. ती आम्हांस योग्य वाटते. तथापि त्यांतील बोध आम्हीं उचलला. जवळ बसवल्यानें मुलें जवळ येत नाहींत. एकावांचून दुसऱ्याचें अडलें पाहिजे.

दुसऱ्या खेपेस आम्हीं जानेवारी महिना, हुरड्याचा हंगाम, निवडला. एकाच शाळेंतील, एकाच वर्गांतील बारा मुलगे घेतले: घरीं बसलेले चार आणि नियमानें शाळेस जाणारे आठ. हे आठ निवडतांना पहिला नंबर, दुसरा नंबर पाहिला नाहीं. वर्गांत कोणाच्या तोंडून दुसऱ्याचें टोपणनांव निघत नाहीं, असें शिक्षकांस विचारलें. तीं नांवें त्यांनीं अर्ध्या मिनिटांत सांगितलीं. शनिवारीं सकाळीं निघावयाचें, रविवारीं संध्याकाळीं परतावयाचें, सोमवारीं शाळा. दोन दिवस आमच्या तोंडून शाळा हा शब्द निघावयाचा नाहीं, असेंहि ठरलें. व्याख्यानें अर्थातच नव्हतीं. आमच्या सहकाऱ्यांस त्याचा फार आनंद झाल्याचें आम्हीं पाहिलें.

जागा ठरली होती पैनगंगेच्या बाजूस एका ओळखीच्या शेतकऱ्याचें शेत. नदीच्या पाण्यांत उतरावयाचें नाहीं ही अट. तेथें पोंचण्याआधींच मळ्याच्या वाटेवर टेम्पोचें मागलें चाक बसलें.

त्या चार मुलांत एक होता, त्याचा बाप एका फाट्यावर पंक्चर काढी. कोणता फाटा तें सांगत नाहीं. आपल्या मुलुखांत फाटे पुष्कळ आहेत. काळ्या नखांवरून व अंगास येणाऱ्या सोल्यूशनच्या वासावरून वर्गांत त्यास एक नांव पडलें होतें, आणि त्या नांवापायीं तो सात आठवडे शाळेंत गेला नव्हता. त्या दिवशींहि गाडींत तो कोपऱ्यांत, गुडघ्यांत मान घालून बसला होता. ड्रायव्हरजवळ स्टेपनी होती. पण जॅक लावावा तर तो मऊ मातींत रुतूं लागला. ड्रायव्हर डोकें खाजवीत उभा राहिला. हा मुलगा खालीं उतरला, वांकून पाहिलें, आणि कोणाकडे न पाहतां म्हणाला, "खाली फळी पायजे. फळी न्हाई तर चपटा धोंडा आणा."

मुलें धोंड्याच्या शोधांत धांवलीं. एकानें आणला तो त्यानें परत केला: "ह्यो गोल हाय." दुसरा पसंत पडला. चाक उचलण्याआधीं नट ढिले करून घ्यावे, उचलल्यावर चाक फिरतें व जोर लागत नाहीं, हें त्यानें ज्या मुलास समजावून सांगितलें तो वर्गांत गणितांत पहिला येणारा होता. त्यानें पाना धरला, यानें पायानें दाब दिला. चाक बदललें. कोणी टाळ्या वाजवल्या नाहींत. आम्हीहि शाबासकी दिली नाहीं, कारण मोठ्यांची शाबासकी अशा वेळीं मुलास पुन्हां एकटें पाडते. गाडींत चढतांना मात्र एकानें सरकून त्यास मध्यें जागा करून दिली. आमचे एक सहकारी म्हणतात कीं तें चाक देवानेंच बसवलें. आम्ही तितकें म्हणत नाहीं.

पुढें जें झालें तें साधेंच होतें. चार-चारांच्या तीन टोळ्या, प्रत्येक टोळींत घरीं बसणारा एक. एका टोळींत मात्र दोन, कारण ते दोघे एकमेकांस सोडीनात. पाणी, सरपण, स्वयंपाक, भांडीं; पाळीपाळीनें सर्व कामें प्रत्येकाकडे. खिचडी करावयाची होती, आणि फाट्याच्या परिसरांतलीं मुलें असल्यामुळें खिचडीविषयीं प्रत्येकाचें मत ठाम होतें! डाळ किती, हळद केव्हां, झांकण ठेवावें कीं नाहीं, यावर मोठें भांडण झालें. आम्हीं तें मिटवलें नाहीं. शेवटीं बुडाशीं लागलेली ती खिचडी सर्वांनीं पातेलें खरवडून खाल्ली. मोबाइल आमच्या पिशवींत बंद होते. एकानेंहि रात्रीपर्यंत ते मागितले नाहींत. त्यांत सद्गुणापेक्षां थकवाच अधिक होता.

रात्रीं थंडी पडली. आगटी पेटवली, कणसें भाजलीं, हुरडा चोळून मुलें ओंजळीनें खात बसलीं. अंधारांत, एकमेकांचीं तोंडें दिसत नसतां आणि हातांस काम असतां, मुलें बोलतात. समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारलें तर बोलत नाहींत. एम्माउसच्या वाटेवर प्रभूनें त्या दोन खिन्न शिष्यांस थांबवून समोर उभें केलें नाहीं; तो त्यांच्या बाजूनें चालूं लागला आणि आधीं त्यांचेंच ऐकून घेतलें, हें आम्हांस त्या रात्रीं आठवलें. आम्ही थोडे दूर, घोंगडी पांघरून झोंपेचें सोंग घेऊन पडलों होतों. (धर्मगुरूस एवढें सोंग क्षम्य असावें.) घरीं बसणाऱ्या मुलांपैकीं एक जण म्हणाला, सकाळीं त्याचें पोट दुखतें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या आठांपैकीं, रोज शाळेस जाणारा, धट्टाकट्टा, कबड्डी खेळणारा एक मुलगा म्हणाला: "माझं बी दुखतं. इंग्रजीच्या तासाला."

आमच्या तीन व्याख्यानांनीं जें झालें नव्हतें तें या दोन वाक्यांनीं झालें. ज्यास वाटत होतें कीं जगांत आपणच एक भित्रे, त्यास कळलें कीं धीट दिसणाऱ्यासहि भीति वाटते आणि तरीहि तो जातो.

आतां तुम्ही विचाराल, सोमवारीं काय झालें? खरें तें सांगतों. पंक्चरवाल्याच्या मुलाच्या दुकानाशीं त्याच्या टोळींतील दोघे शाळेच्या वेळेआधीं येऊन उभे राहिले. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें होतें कीं हांक मारावी, ओढूं नये. तो गेला. दुपारीं परत आला. मंगळवारीं गेला नाहीं. बुधवारीं ते दोघे पुन्हां येऊन उभे राहिले. होळीपर्यंत तो आठवड्यांतून चार दिवस जाऊं लागला, आणि त्याचें तें नांव कोणी घेतलें तर आतां त्याच्याऐवजीं ते दोघेच भांडतात. दुसरा मुलगा पंधरवड्यानें गेला व टिकला. तिसऱ्याचें दुखणें अधिक खोल निघालें. त्यास झोंप नाहीं, अन्न नाहीं, जगण्याचाच कंटाळा, म्हणून त्यास डॉक्टरांकडे न्यावें लागलें, आणि आधींच न्यावयास हवें होतें. चौथा अजून घरींच आहे. आम्ही जातों तेव्हां तो दार उघडतो. पूर्वीं तें उघडत नव्हता.

चारांत दोन. हिशेब मोठा नाहीं, आणि तो फुगवून सांगण्यासाठीं आम्ही उभे नाहीं.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टीहि याच वेळीं सांगितल्या पाहिजेत. मुलाची इच्छा नसतां त्यास मुक्कामास नेऊं नये. अमेरिकेंत बिघडलेल्या मुलांस सुधारण्याच्या नांवाखालीं त्यांस बळजबरीनें, कधीं कधीं रात्रीं अंथरुणांतून उठवून, रानांतल्या शिबिरांत नेण्याचा धंदाच निघाला. त्यांत कांहीं मुलें दगावलीं आणि पुष्कळांचीं मनें कायमचीं दुखावलीं. दुसरें असें कीं शाळेंत कोणी मोठा माणूसच मुलास छळीत असेल तर मुक्काम घालणें म्हणजे पायांत कांटा तसाच ठेवून मलम लावणें होय. तेथें आधीं शाळेशीं बोललें पाहिजे. आणि मूल जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा बोलूं लागलें तर मुक्कामाची वाट पाहूं नये, आमचीहि वाट पाहूं नये. सरळ दवाखान्यांत न्यावें, किंवा सरकारनें २०२२ सालीं चालू केलेल्या टेली-मानस या सेवेस १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथें मराठींतहि बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत.

मुलींविषयीं आम्हीं अजून कांहीं केलेलें नाहीं, हें आम्ही लाजेनें कबूल करतों. मुली शाळा सोडतात तेव्हां कोणी त्यास धसका म्हणत नाहीं. घरकामास हात मिळाला म्हणून घर खूषच असतें, आणि वर्ष-दोन वर्षांत लग्नाची बोलणीं सुरू होतात. रात्रींच्या मुक्कामास त्यांस कोणी पाठवणार नाहीं हें आम्हांस समजतें. पण सकाळीं निघून दिवस मावळण्याच्या आंत परतावयाचें, बरोबर सिस्टर्स आणि दोघीचौघी आया, असें केल्यास काय अडचण आहे? चूल दिवसाहि पेटते. मात्र मुलींस तेथें नेऊन स्वयंपाकच करावयास लावूं नये. तो त्या घरीं रोज करतात. त्यांच्यासाठीं कामें निराळीं शोधावीं लागतील, आणि तीं शोधण्यास पुरुषांपेक्षां भगिनी अधिक योग्य आहेत.

येत्या जानेवारींत पुन्हां मुक्काम घालावयाचा आहे. त्यासाठीं एक टेम्पो, दोन मोठीं पातेलीं, पंधरा घोंगड्या किंवा जाड चादरी, आणि ज्वारीचें एखादें शेत हवें, ज्याचा मालक दोनचार पेंढ्या हुरड्याकडे कानाडोळा करील. हें सर्व मिळेल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आपले लोक देतात. मिळावयास कठीण तें निराळेंच आहे. ज्यांचीं मुलें नियमानें शाळेंत जातात असे आईबाप आम्हांस हवेत. गेल्या वेळीं त्यांतील तिघांनीं आम्हांस विचारलें, आमच्या चांगल्या मुलास त्या मुलांची संगत कशाला? त्यांच्यावर आम्ही रागावलों नाहीं. बापाचें काळीज तसें बोलतें. पण सोमवारीं शाळेच्या वेळेआधीं घरीं बसलेल्या मुलाच्या दाराशीं जाऊन हांक मारणारा जो पोरगा लागतो, तो याच घरांतून यावयाचा आहे. आम्ही पन्नाशीं उलटलेला धर्मगुरु दाराशीं जाऊन उभे राहिलों तर तें मूल मागच्या दारानें पळेल.

ज्यांस आपलें मूल द्यावयाचें आहे त्यांनीं आजच्या मिस्सेनंतर कचेरींत नांव नोंदवावें. ज्यांच्या घरीं मूल शाळा सोडून बसलेलें आहे त्यांनीं मात्र कागदावर नांव लिहूं नये. आम्ही संध्याकाळीं सात वाजेपर्यंत मंदिरामागच्या लिंबाखालीं बसलेले असूं. तेथें येऊन तोंडीं सांगावें.